फिनिशिंग

माझ्या उजव्या कोपराचं सालटं निघालंय. भेटेल तो विचारतो, "गाडीवरनं पडलात का?" नाही. ओव्हन बंद करत होतो.

जुळे सोलापुरातला फ्लॅट, किचन मॉड्युलर, दोन महिन्यांपूर्वी केलेलं. ओव्हन उंच कपाटात, आणि त्याचा पॉइंट, स्विचसकट, बरोब्बर ओव्हनच्या पाठीमागं. "बाहेर एक बटण दिसणार नाही सर, फिनिशिंग बघा," असं किचनवाला म्हणाला, आणि आम्ही नवराबायको खुळ्यासारखे फिनिशिंग बघत उभे राहिलो. फ्रिजचं बटणही फ्रिजमागंच आहे. चिमणीचं अजून सापडलेलं नाही.

रविवारी दुपारी बायकोनं नानकटाई लावली. टायमरची खुंटी नुसतीच गरगर फिरायला लागली, आतले रॉड लाल ते लालच. वरच्या फळीमागं सुतारानं हवेसाठी फट ठेवलीय, तिच्यातनं हात घातला. बोटं प्लगला लागली, पण २००० वॅटचा ओव्हन २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो. त्यामुळं प्लग १६ अँपिअरचा, जाडजूड. दोन बोटांनी कसला उपसतोय! जोर लावला तसा कोपर फटीत बसला. बसला तो बसलाच.

तेवढ्यात शेजारचे आप्पा आले.

आप्पांची हयात चादरींच्या कारखान्यात गेली. दार वाजवायची त्यांना सवय नाही. "पाणी सुटलं का बघायला आलो," म्हणत ते थेट आत आले आणि स्टुलावर उभ्या माझ्याकडं बघून म्हणाले, "काय करायलास बे?"

"बटण बंद करतोय, आप्पा."

"आतनं?"

"बटण आत आहे."

आप्पांनी खुर्ची ओढली. "आमच्या मागाला हँडल कुठं असायचं, सांग."

"आप्पा, जरा हे कपाट..."

"विणणाऱ्याच्या हाताशी! बाण्याचा धागा तुटला की माग आपला आपण थांबायचा, तरी हँडल हाताशी. का? माणूस घाबरला की त्याचा हात पुढं जातो बे, भिंतीत जात नाही."

हे इतकं खरं होतं की मला जास्तच राग आला. बायकोनं वायरमनला फोन लावला. तो म्हणाला, मी पॉइंट उघड्या भिंतीवर काढला होता, कपाट सुतारानं आणून लावलं. सुतार म्हणाला, पॉइंट होता तिथंच कपाट केलं. एवढ्यात आप्पांनी "जेवण झालं का तुमचं?" असं विचारलं आणि त्या माउलीनं, नवरा भिंतीत असताना, कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही त्यांच्यापुढं ठेवलं. कडाक्. भाकरी मोडल्याचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

"दही गोडंय," आप्पा मला म्हणाले.

किचनवाल्यानं आम्हाला ड्रॉवरचे आठ रंग दाखवले. बिजागऱ्या हळू मिटतात ते सहा वेळा मिटवून दाखवलं. बटण कुठं हवं, हे मात्र एकानंही विचारलं नाही. मागणं काय मोठं होतं? ओट्याच्या वर, वस्तूच्या बाजूला, हात पोचेल तिथं. शेगडीच्या डोक्यावर नको, जाळावरनं हात न्यावा लागतो. सिंकजवळ नको, हात ओला असतो. संपलं! आता बाहेर काढायचं तर टाइल फोडायची, आणि त्या डिझाइनची टाइल आता येत नाही म्हणे. दोन महिन्यांत!

हात धुऊन आप्पा निघाले. दारापाशी थांबले, वर बघितलं आणि एमसीबीच्या डब्यातला मेन खटकन पाडला.

ओव्हन विझला.

"हे आधीच करायचं की बे."

फ्रिजमधलं दूध नासू नये म्हणून मी मेनला हात लावला नाही, असं मी सगळ्यांना सांगतो. बायकोलाही ते सुचलं नव्हतं, पण ते बोलायची सोय नाही.

आप्पा गेले, मेन तसाच खाली. मे महिन्यातली सोलापूरची दुपार, पंखा बंद, घरभर नानकटाईचा धूर. बायको फटीत खोबरेल ओतत होती, आणि जिन्यातनं आप्पांचा आवाज येत होता, "पाणी सुटलं का? तिसऱ्या मजल्यावरचा भिंतीत अडकलाय बे, बघून या!"