एमएस मनाचा आजार नाहीये, गोळ्या सोडायला सांगणं बंद करा

आमच्या इंदूरच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय, "मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) हा मनाचा आजार आहे, सात सवयी लावा, गोळ्या सोडा". असले मेसेज मी वाचत पण नाही, पण मोठ्या मामांनी तो थेट माझ्या मामेबहिणीला पाठवला, जिला एमएस आहे, वर "बाळा करून बघ". तिचा मला फोन, ताई, गोळी बंद करून बघू का? मामा, राग मानू नका, पण आता बोलावंच लागेल.

"दाबलेल्या रागामुळे एमएस होतो." नाही होत हो! आपलीच इम्युनिटी मेंदूतल्या आणि मणक्यातल्या नसांवरचं मायलिनचं आवरण खराब करते, एमआरआयमध्ये डाग दिसतात. २०२२ साली सायन्स नावाच्या जर्नलमध्ये अमेरिकेच्या लष्करातल्या १ कोटीहून जास्त लोकांच्या रेकॉर्डवरून केलेला अभ्यास आला, ईबीव्ही नावाच्या व्हायरसची लागण झाल्यावर एमएसचा धोका ३२ पट वाढलेला दिसला. आता हा व्हायरस जवळपास सगळ्यांनाच कधी ना कधी होऊन जातो, म्हणजे एकट्या त्याच्यानं होत नाही, बाकी पण कारणं आहेत, पण राग काही त्यात नाही.

टेन्शनचा संबंधच नाही असं मात्र म्हणणार नाही. २०१२ मध्ये १२१ पेशंटवर एक ट्रायल झाली होती, टेन्शन हाताळायची थेरपी चालू होती तोवर मेंदूत नवे डाग कमी पडले, आणि थेरपी संपली की फायदाही संपला. एवढंच खरं आहे त्यात, आणि ती पण शिकलेल्या थेरपिस्टनं दिलेली थेरपी होती, सुविचार नव्हते.

आणि आता जे वाचून माझं डोकं सटकलं ते, "एमएसमध्ये डिप्रेशन येतं ते मन कमकुवत असणाऱ्यांनाच, जप करा". एमएसच्या साधारण निम्म्या लोकांना आयुष्यात कधीतरी डिप्रेशन येतं, आणि त्याला आजाराचा धक्का तर कारण असतोच पण मेंदूत जे चाललंय ते पण कारण असतं. त्याच्यावर औषध आहे, काउन्सेलिंग आहे, फरक पडतो. जप करायचा तर खुशाल करा, पण सोबत. वर काही जणांना रडू किंवा हसू आवरतच नाही, मनात तसं काही नसताना. आत्याच्या सासऱ्यांच्या तेराव्याला ही माझी मामेबहीण पदर तोंडात कोंबून स्वयंपाकघरात पळाली होती, हसू थांबेना, डोळ्यांत पाणी, आणि बाहेर दोघीजणी म्हणाल्या काय निर्लज्ज मुलगी आहे. तो आजार होता, निर्लज्जपणा नव्हता. त्यानंतर तिनं कुठल्या कार्याला जाणंच सोडलं.

"गोळ्या सोडा" हे तर सरळ धोक्याचं आहे. ती जी घेते ना, फिंगोलिमोड, ती बंद केल्यावर काही पेशंटचा आजार आधीपेक्षा कितीतरी जास्त उसळला, काहींचं नुकसान भरून आलंच नाही, म्हणून अमेरिकेत औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या एफडीएनं २०१८ मध्ये मुद्दाम वॉर्निंग काढली. असं क्वचित होतं, मान्य, पण ते आपल्या घरात करून बघायचंय का? बदलायची, थांबवायची ते तिचे न्यूरॉलॉजिस्ट ठरवतील.

"रोज दुपारी दोन तास उन्हात बसा." व्हिटॅमिन डीचं म्हणणं अगदीच खोटं नाही, कमी असेल तर डॉक्टर देतातच. पण इंदूरच्या मे महिन्यात दुपारी? अंग तापलं की एमएसची लक्षणं तेवढ्यापुरती वाढतात, हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून माहीत आहे. दिवाळीत अभ्यंगाला तिनं कढत पाणी घेतलं तर डाव्या डोळ्यानं धूसर दिसायला लागलं, पंख्याखाली बसल्यावर हळूहळू निवळलं. आता कोमट पाणी घेते.

"व्यायाम नको, ताकद वाचवा" हे पूर्वी डॉक्टर पण सांगायचे, आता उलट झेपेल तसा करायला सांगतात, सकाळी गारव्यात चाललेलं उत्तम. हळद-दूध प्या, आवडत असेल तर, एमएस त्यानं जात नाही. आणि गंमत म्हणजे सात सवयींत सिगरेट सोडा हे कुठेच नाही, जिच्यामुळे आजार जोरात वाढतो ती सवय, आणि झोपेचं पण नाव नाही.

रात्री-बेरात्री मन फार खचलं तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत पण बोलता येतं. तिच्या मोबाइलमध्ये मी सेव्ह करून दिलाय, तिच्या नवऱ्याच्याही.