कर्ज माझं, जबाब आप्पांचा

परवा बँकेतून फोन आला. तुमची जागा पूरबाधित दिसतेय, त्यामुळं फाईल थांबवलीय.

माझी जागा सांगलीत, कुपवाडच्या अलीकडं माळावर आहे. तिथं बोअर मारताना गाडीवाला दर पाइपाला "अजून जायचं का खाली?" असं विचारत होता. शेवटी जे लागलं त्याला पाणी म्हणायचं की ओल, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. कृष्णामाईनं माझ्या प्लॉटवर यायचं मनात आणलंच, तर तिला गावभाग, वखारभाग, शंभरफुटी आणि विश्रामबाग एवढं सगळं पार करून चढ चढावा लागेल. त्याआधी बँक जाईल, कारण ती नदीला माझ्यापेक्षा कितीतरी जवळ आहे. हे सगळं मी फोनवर सांगितलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, फाईलमध्ये फोटो आहे."

फोटो आहे, हे खरं. त्यात पाण्याची खूणही आहे आणि खुणेला बोट लावून उभे असलेले आप्पाही आहेत.

घरकर्जाची बाकीची कथा सगळ्यांची एकच असते, म्हणून ती उरकतो. सातबारा, फेरफार, बिगरशेतीचा म्हणजे एनएचा आदेश, मंजूर नकाशा, इंजिनिअरचं एस्टिमेट, जमिनीच्या मालकीचा तीस वर्षांचा सर्च, रिटर्न, फॉर्म सोळा, बँकेचं स्टेटमेंट. "गुंठेवारीतला नाही ना?" हा प्रश्न आमच्याकडं नमस्काराच्या आधी विचारतात. नाही म्हटल्यावर नमस्कार होतो. मग सिबिल, म्हणजे कर्ज फेडण्याच्या सवयीचा स्कोअर. तो ३०० पासून ९०० पर्यंत असतो आणि माझा ७८१ निघाला. आयुष्यात इतके मार्क मला कशातच पडले नव्हते. मी तो सासऱ्यांना व्हॉट्सॲपवर पाठवला. त्यांनी अंगठा दाखवला. बँकेतल्या साहेबांनी मात्र "हं" म्हटलं आणि पान उलटलं.

मग पडताळणी. बँक स्वतः कुठं जात नाही, एजन्सीचा पोरगा धाडते. तो वेळ सांगून येत नाही. सांगून आला तर म्हणे कर्जदार घर झाडून, चांगला शर्ट घालून बसतात. घरी कुणी भेटलं नाही तर तो शेजाऱ्यांकडं चौकशी करतो. म्हणजे माझं दहा वर्षांचं स्टेटमेंट, माझ्या सह्या, माझा ७८१ एका बाजूला, आणि दुपारी दीड वाजता शेजारी जो कोण जागा असेल त्याचं मत दुसऱ्या बाजूला.

आमच्या वाड्यात दुपारी दीड वाजता आप्पा जागे असतात.

आप्पा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत. खातं सुटलं, पाणी सुटलं नाही. जुलै लागला की सकाळी सहाला खालून आवाज येतो, "आयर्विन अठ्ठावीस!" सांगलीकराला यापुढं काही सांगावं लागत नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी चाळीस फुटांवर इशारा, पंचेचाळीसला धोका, हे इथल्या पोराला पाढ्यांच्या आधी पाठ असतं. पण आप्पा तिथं थांबत नाहीत. कोयनेतून किती सोडलं, वारणेची काय हालत, अलमट्टीवाले काय करतायत, हे सगळं जिन्याच्या पायऱ्या चढणाऱ्या माणसाला ऐकावंच लागतं. मी एकदा हातात दुधाची पिशवी घेऊन चांदोली धरणाचा साठा ऐकत उभा होतो. दूध नासलं नाही, पण बायको बोलली.

तर त्या संध्याकाळी मी मार्केट यार्डातून आलो. हळदीच्या अडतीत मी दिवाणजी आहे. सौद्याच्या दिवसांत माझा शर्ट, रुमाल, चष्म्याची काडी, सगळं पिवळं असतं. आप्पा ओट्यावर बसून माझी वाटच बघत होते.

"दिवाणजी, तुमचं काम करून टाकलं आज."

"कसलं काम?"

"बँकेचा पोरगा आलता. उन्हाचा फिरत होता बिचारा, बसवला, चहा पाजला. मिरजेचा हाय. त्याचा चुलता आमच्याच खात्यात होता, निघालं की नातं!"

"काय काय विचारलं त्यानं?"

"ते सांगता येत न्हाई. गोपनीय असतंय."

असं म्हणून आप्पांनी मांडी बदलली आणि सगळं सांगितलं.

"पहिला प्रश्न, हितं ऱ्हात्यात का. म्हटलं ऱ्हात्यात. कधीपासनं? म्हटलं २०१९ च्या पाडव्याला सामान आलं आणि ऑगस्टात पाणी आलं. तवा ते हितं होते बी आणि न्हवते बी. आमी सगळीच शाळेत होतो न्हवं का, वरच्या मजल्यावर."

"आप्पा, हे त्याला कशाला?"

"फॉर्मात जागा होती की. इतर माहिती म्हणून. रिकामी सोडली तर संशय येतो."

हे खात्याचं शिक्षण. कुठलाही रकाना रिकामा सोडायचा नाही.

"मग म्हणाला, वागणूक कशी? म्हटलं, माणूस सरळ. कुणाच्या अध्यात ना मध्यात. दारू न्हाई, पत्ते न्हाईत. गणपतीची वर्गणी तेवढी..." आप्पांनी हाताचा पंजा हवेत थोडा हलवला. "पण देतात. शेवटी देतात."

"वर्गणीचं सांगितलं तुम्ही?"

"खोटं बोलायचं व्हय? बँक हाय ती!"

मी काही बोललो नाही. बोलायचं खूप होतं. मंडळानं मागच्या साली वर्गणीचा आकडा परस्पर ठरवून पावती फाडली होती, आणि त्या पावतीवर खजिनदार म्हणून आप्पांचीच सही होती. पण गप्प बसलो, कारण अजून मोठा विषय यायचा होता.

"उत्पन्न विचारलं. मी म्हटलं, आकडा मला म्हाईत न्हाई आणि असता तरी मी सांगितला नसता. पण बघा, स्कूटर जुनी. पोरीला क्लास दोन. आंबा पेटीनं न्हाई, डझनानं येतो. त्याच्यावरनं तुमचं तुम्ही काढा."

"त्यानं काय काढलं?"

"त्यानं लिवलं कायतरी."

"आणि नोकरी?"

"नोकरीचं चांगलं सांगितलं. म्हटलं शेठ देवमाणूस. फकस्त वय झालंय. मागच्या साली अँजिओप्लास्टी झाली. आता पोरगा पुण्यात हाय, तो काय हळदीत उतरतोय असं वाटत न्हाई."

वीस वर्षांच्या कर्जाच्या फाईलमध्ये मालकाच्या हृदयाचा अहवाल जोडलेला कर्जदार सांगली जिल्ह्यात मी एकटाच असेन. सिबिलला याचे मार्क कसे कापतात कोण जाणे.

इथपर्यंत ठीक होतं, म्हणजे ठीक नव्हतंच, पण निभावलं असतं. चहा पिता पिता त्या पोराची नजर आप्पांच्या भिंतीवर गेली.

आप्पांच्या ओट्यामागच्या भिंतीवर ऑइल पेंटनं मारलेल्या रेघा आहेत. खालची २००५ ची, सगळ्यात वरची २०१९ ची. प्रत्येक रेघेच्या टोकाला बाण, बाणापुढं तारीख, तारखेपुढं आयर्विनची पातळी. २०१९ च्या रेघेपुढं सत्तावन्न फुटांच्या वरचा आकडा आहे आणि त्याच्या खाली, त्याच निळ्या रंगात, "पाणी घरात ४ था दिवस". अक्षर सुंदर. कार्यालयीन टिपणी लिहून लिहून आलेलं. घरमालकानं दोनदा रंग दिला, दोन्ही वेळा आप्पांनी आधी रेघांवर चिकटपट्टी लावून घेतली.

"पोरगा म्हणाला, काका, एवढं पाणी? म्हटलं, मग! उठलो आणि दाखवलं बोट लावून. त्यानं फोटोच काढला. चांगला आलाय. पाठवतो म्हणालाय मला."

त्यानं आप्पांना पाठवला नाही. बँकेला पाठवला.

मी बँकेत गेलो. तिथं थांबायला खुर्च्या आहेत आणि खुर्च्यांसमोर भिंतीएवढी जाहिरात: एक जोडपं, एक मुलगी, हातात किल्ली, तिघंही हसतायत. त्यांचा पाया कधी भरला, स्लॅब कधी पडला, कुणाला ठाऊक. साहेब भेटले तेव्हा त्यांच्या स्क्रीनवर आप्पा होते. हात वर, बोट २०१९ वर, चेहऱ्यावर झेंडावंदनाचे भाव.

"हे बघा," साहेब म्हणाले, "इतकं पाणी येत असेल तर जागा तपासणारे टेक्निकलवाले पास करणार नाहीत. पूररेषेच्या बाहेर असल्याचा दाखला आणा."

"कुठल्या जागेचा?"

"ह्या जागेचा."

"साहेब, इथं मी भाड्यानं राहतो."

"मग भाड्याची जागा तारण कशी देताय?"

मी फोटोच्या खाली बोट दाखवलं. तिथं अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ, सगळं छापलेलं असतं. त्या पोराच्या ॲपला कळलं होतं की हा गावभाग आहे. मोबाइलला कळलं, वरच्या उपग्रहाला कळलं. साहेब म्हणाले, "ते बरोबर आहे, पण आता सिस्टीममध्ये क्वेरी पडलीय. पडलेली क्वेरी मला काढता येत नाही. उत्तर अपलोड करावं लागतं."

"उत्तर काय अपलोड करू?"

"दाखला."

या सगळ्यात हसण्यासारखं आहे, मान्य. ऑफिसात मी हे सांगतो तेव्हा हमालसुद्धा पोतं खाली ठेवून ऐकतात. पण मंजुरीआधीच प्रोसेसिंग फी भरली, ती परत येत नाही. वकिलाची फी मी भरली, व्हॅल्युएशनची मी भरली, आणि माझ्या पैशानं माझ्याच जागेवर लिहिलेला अहवाल मला बघायला मिळत नाही, कारण तो "बँकेचा अंतर्गत" आहे. आप्पांचा जबाब मात्र वाड्यातल्या सगळ्यांना तोंडपाठ आहे. तिसऱ्या खोलीतल्या मावशी मला परवा म्हणाल्या, "आंब्याचं काही मनावर घेऊ नका हो."

लोकांना वाटतं कर्ज मिळालं की बँक घर बांधून देते. रिझर्व्ह बँकेचा नियम असा की तीस लाखांपर्यंतच्या कर्जाला ९० टक्क्यांपर्यंत देता येतं, पुढं ७५ लाखांपर्यंत ८० टक्के. देता येतं. देतातच असं कुणी लिहिलेलं नाही. स्टॅम्प ड्यूटी आणि नोंदणीचा खर्च साधारणपणे त्या हिशेबात धरत नाहीत, तो आपला आपण. आणि जे मंजूर होतं ते एकदम हातात येत नाही. आधी तुमचा वाटा जमिनीत घाला, जोत्यापर्यंत काम दाखवा, मग आमचा माणूस बघून जाईल, मग पहिला हप्ता. पुढचा स्लॅबला, मग वीटकामाला, मग गिलाव्याला. तोवर जेवढं उचललंय त्यावर व्याज सुरू, आणि गावभागातलं भाडंही सुरू. म्हणजे जे घर अजून नाही त्याचं व्याज आणि जे माझं नाही त्याचं भाडं, दोन्ही हळदीतून काढायचं.

ठेकेदाराला हे काही सांगून उपयोग नाही. त्याचं एकच पालुपद, "मृगाच्या आत जोतं निघालं पाहिजे बघा, न्हाईतर खड्ड्यात पाणी साठतंय." खड्डे खणून झालेत. सळई येऊन पडलीय, तिच्यावर तांबूस पूड धरायला लागलीय, आणि रात्री तिच्यावर लक्ष ठेवायला एक माणूस ठेवलाय, त्याचे पैसे वेगळे. समजा वळीव झाला आणि त्या खड्ड्यांत पाणी साठलं आणि नेमका त्या दिवशी बँकेचा टेक्निकलवाला फोटो काढायला आला, तर मग खरोखरच पूरबाधित. या विचारानं मी रात्री दोनला उठून बसतो. बायको म्हणते, झोपा, आयर्विन बाराच आहे.

तोडगा शेवटी निघाला. म्हणजे मला हवा तो दाखला निघत नाहीच, कारण "या माणसाच्या फोटोतली जागा वेगळी आहे" असा दाखला कुठलंच ऑफिस देत नाही. साहेबांनीच मधला मार्ग काढला. पडताळणी पुन्हा करायची. नवा फोटो आला की जुनी क्वेरी आपोआप बंद होते म्हणे. पुढच्या आठवड्यात, सोमवार ते शुक्रवार, अकरा ते चार या वेळात कधीही. मी रजा मागितली. शेठ म्हणाले, हळदीचे सौदे जोरात असताना दिवाणजी आठवडाभर घरी बसला तर मला परत अँजिओप्लास्टी करावी लागेल. बायकोची शाळा आहे, परीक्षेच्या कामातून तिला सोडत नाहीत.

मग बायकोनंच युक्ती काढली. घरी कुणी नसेल तर नसू दे, कुलूप बघून तो पोरगा मावशींकडं जाईल, मावशी कमी बोलतात. फक्त आप्पांना तेवढे दिवस हलवायचं. हरिपूरला आप्पांची बहीण असते, संगमाजवळ. कृष्णा आणि वारणा दोन्ही डोळ्यांपुढं, पाणी बघत बसतील, खूश होतील. मी रिक्षाचे पैसे देतो म्हटलं, बागेतल्या गणपतीलाही नेऊन आणतो म्हटलं. आप्पांनी नीट ऐकून घेतलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"शनिवारी जाऊ की, दिवाणजी. आता आठवडाभर कसं जमणार? तुमच्या बँकेचा माणूस यायचाय. मी भिंतीला नवा हात मारायला घेतलाय."