जावा नेमकी कुठली?

पुण्याहून संज्या नवी जावा मोटरसायकल घेऊन आला, तेव्हाच कळलं की आज बेळगावात तिसऱ्या गेटच्या कट्ट्यावर चहा गार होणार. अण्णांची जुनी आधीच उभी होती. खाली पेपरचा तुकडा, ऑइल गळतंय म्हणून.

अण्णांनी नवीला एक प्रदक्षिणा घातली. "आवाज कुठाय हिचा? बायकोचं शिलाई मशीन बरं."

"293 सीसी, फोर स्ट्रोक, सहा गिअर..." संज्याचं पाठांतर सुरू. कुणी विचारलेलं नसतंय.

"ते ऱ्हाऊ दे. गिअरची लिव्हर आत दाबून वर फिरवली की तिचीच किक होते काय?"

"हिला किकच नाही, अण्णा."

लग्नात जेवण नाही म्हणून सांगितल्यागत अण्णांचं तोंड झालं.

गज्या उद्यमबागेत फौंड्रीत मोल्डिंगला आहे. तो तोवर उकिडवा बसून इंजिनावरनं बोट फिरवत होता. "संज्या, हिला रेडिएटर हाय नव्हं? पाण्यानं गार होतंय. मग हवेनं गार करायच्या ह्या फिनी कशाला? टकल्यानं खिशात कंगवा ठेवल्यासारखं."

"लुक रे! जुन्यासारखी दिसायला नको?"

"तेच की. आन् अण्णा, तुमी हसू नका. तुमच्या टाकीवर तरी कुठं जावा लिवलंय? येझदी हाय ती."

अण्णा तापले. "1973 ला नाव तेवढं बदललं! कारखाना म्हैसूरचाच, सायलेन्सर दोनच, धूर तोच!"

"त्याच साली म्हैसूर राज्याचं कर्नाटक झालं. 2014 ला बेळगावचं बेळगावी. तेवढा आपणाला राग आला. गाडीचं नाव बदललं तेव्हा कोण बोललं नाही." गज्यानं कप खाली ठेवला. "तुमची गाडी तीच, नाव निराळं. ह्याचं नाव तेच, गाडी निराळी. मग जावा कुठली, सांगा की."

माझ्या मते विषय इथंच मिटला. पण अण्णा मिटू देतील तर अण्णा कसले.

"तू बोलू नको. चोर्ला घाटात पिस्टन जाम केलास माझा! पेट्रोलात ऑइल कोण घालायचं?"

"पंपावर पैसे मी दिलो. पेट्रोलापुरतेच होते. तुमी खिसे चाचपत होता. वर घाटात ढकललो पण मीच."

"ऑइल लागतच नाही हिला, म्हणजे पेट्रोलात," संज्या मध्येच. दोघांनी एकदम त्याला गप्प बसवलं. एवढ्या एका मुद्द्यावर मात्र जुन्यांचं एकमत.

गज्यानं ठेवणीतला काढला. "एक नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनेदिवशी, काळा दिवस पाळताय, आन् वर्षभर फिरताय म्हैसूरच्या गाडीवरनं."

अण्णा क्षणभर थांबले. "म्हणून तर काळ्या दिवसाची फेरी सायकलवरनं काढतोय की रे!"

चहावाल्यासकट सगळे फुटले. त्याच तोऱ्यात अण्णांनी किक मारली. एक, दोन, पाच. सहाव्याला पकडली आणि संज्याची नवी पार धुराच्या ढगात गेली.

"अण्णा, होगे साकु!" चहावाला कन्नडात ओरडला. म्हणजे धूर पुरे.

"बघ," गज्या खोकत म्हणाला, "हिला म्हणतोय का तुमाला, इचारा. हिला कन्नडच कळतंय."