तैवानी सूर घाईत बिघडत नाहीत

सध्या एक मजकूर फिरतोय: ‘तैवानी ही मँडरिनचीच बोली. प्रत्येक अक्षराला ठरलेला सूर असतो, पण लोक घाईत तो बिघडवतात. शब्दकोशातले सूर पाठ करा, सावकाश बोला, झालं काम.’

‘मँडरिनचीच बोली’ हे सोडूनच द्या. तैवानी ही दक्षिण मिन या चिनी भाषागटातली, चीनमधल्या फुज्यानच्या किनाऱ्यावरून तैवानात आलेली. नुसती मँडरिन येणाऱ्याला ती ऐकून कळत नाही. सूर म्हणजे अक्षर म्हणतानाची आवाजाची पट्टी; ती बदलली की शब्द बदलतो. मँडरिनचे सूर चार, हिचे सात.

घाईचं म्हणाल तर ‘होए-छिया’ (आगगाडी) घ्या. यात ‘छिया’ शेवटी, म्हणून मूळ उंच, सपाट सुरात. पुढे ‘थाउ’ लावून ‘होए-छिया-थाउ’ (रेल्वे स्टेशन) केलं की तोच ‘छिया’ मधल्या पट्टीत येतो. कितीही सावकाश म्हणा, येतोच. पदगटातलं (जोडून म्हटलेल्या शब्दांच्या गटातलं) शेवटचं अक्षर मूळ सूर राखतं, आधीची सगळी बदलतात, आणि तीही ठरल्याप्रमाणे: उंच सपाट होतो मधला सपाट, मधला होतो खालचा उतरता, तो होतो वरून कोसळणारा, आणि कोसळणारा पुन्हा उंच सपाट. अख्खं चक्र! चढता सूर या चक्राबाहेर, आणि तुटक संपणाऱ्या अक्षरांचे उरलेले दोन सूरही. तैवानच्या दक्षिणेत चढता सूर मधला सपाट होतो, उत्तरेत बहुधा खालचा उतरता. शेजारच्या अक्षराचा सूर कोणता, याला इथे काही किंमत नाही. संस्कृत संधी घोटलेले आपण नेमके इथेच फसतो.

आता ‘बिघाड’. ‘किआँ-सी’मध्ये ‘किआँ’चा सूर बदलला तर अर्थ ‘मरणाला भिणं’. ‘किआँ’ मूळ सुरात ठेवून ‘सी’ खाली टाकला, तर ‘भीतीने अर्धमेलं होणं’. ज्याने अर्थ ठरतो त्याला बिघाड कसं म्हणायचं?

शब्दकोशात मूळ सूर असतात हे खरं. मिशनऱ्यांनी रुळवलेल्या रोमन लिपीतही मूळ सूरच लिहितात. 1885 मध्ये तैवानातल्या तैनान शहरात निघालेलं चर्चचं वृत्तपत्र याच लिपीत छापलं गेलं. पण वाचणारा ते बदलूनच वाचतो. प्रत्येक अक्षर मूळ सुरात म्हटलंत, तर ऐकणाऱ्याला दर अक्षरापाशी पदगट संपल्यासारखं वाटेल.

खरी अडचण मजकुरात आलेलीच नाही: गट संपतो कुठे? तैवानीत ‘आई आली’ म्हणायचं असेल, तर त्यातली ‘आई’ नाम, म्हणून तिथे गट तुटतो आणि तिचं शेवटचं अक्षर मूळ सुरात राहतं. ‘ती आली’मधली ‘ती’ सर्वनाम. ती सहसा पुढच्या क्रियापदाला चिकटते आणि सूर बदलते. हे शब्दकोशात कुठे शोधणार?