लठ्ठपणा हा खात्यापित्या घरचा रोग? एकेक विधान तपासू या

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. गटागणिक शब्द थोडे बदलतात, सांगणं तेच. लठ्ठपणा हा खात्यापित्या घरचा रोग. भारतासारख्या गरीब देशाचा खरा प्रश्न उपासमारीचा, वजनाची काळजी मूठभर शहरी लोकांनी करावी. खेड्यातला माणूस भाजी-भाकरी खातो, अंगमेहनत करतो, त्याला ढेरी सुटत नाही. ज्यांना सुटते त्यांनी जिभेवर ताबा ठेवावा आणि घाम गाळावा. सरकारनं लोकांच्या ताटात डोकावू नये.

खाली हात जोडल्याच्या खुणांची रांग लागलेली असते. मला मात्र हा मजकूर वाचून संताप येतो. यातली निम्मी विधानं चुकीची आहेत, आणि उरलेली ज्यांच्या खिशात निवड करण्याइतके पैसेच नसतात त्यांच्यावर खापर फोडणारी आहेत.

आधी ते ‘मूठभर शहरी लोक’. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी २००५-०६ साली १२.६ टक्के जास्त वजनाच्या किंवा लठ्ठ होत्या. २०१९-२१ च्या फेरीत हा आकडा २४ टक्के झाला. दर चार जणींत जवळपास एक, ही मूठ कसली? वाढ कुठे झाली तेही बघा. २०१५-१६ आणि २०१९-२१ या दोन फेऱ्यांमध्ये शहरातलं प्रमाण ३१.३ वरून ३३.२ टक्क्यांवर गेलं, तर खेड्यातलं १५ वरून १९.७ टक्क्यांवर. म्हणजे खेड्यातली वाढ शहराच्या दुपटीहून जास्त. हे आपल्यापुरतंच नाही. १९८५ ते २०१७ या काळातल्या जगभरच्या मोजमापांचा मोठा अभ्यास २०१९ साली ‘नेचर’ या विज्ञानविषयक नियतकालिकात आला. जगात सरासरी बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती, याचं माप) जितका वाढला, त्यातली निम्म्याहून जास्त वाढ ग्रामीण भागातून आलेली होती.

भारतात अजूनही श्रीमंत घरांतच लठ्ठपणाचं प्रमाण जास्त आहे, हे खरं. पण ते तसंच राहील असं समजू नका. ब्राझीलचे संशोधक कार्लोस मोंतेइरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३७ विकसनशील देशांतली आकडेवारी तपासून २००४ साली दाखवून दिलं, की देशाचं दरडोई उत्पन्न वर्षाला साधारण २,५०० डॉलरच्या पुढे गेलं की स्त्रियांमधला लठ्ठपणा गरीब घरांकडे सरकू लागतो. तो तेव्हाच्या डॉलरचा हिशेब आहे, आज जसाच्या तसा लावता येणार नाही. दिशा मात्र स्पष्ट आहे, आणि आपण त्याच वाटेवर आहोत.

‘खरा प्रश्न उपासमारीचा’ हे विधान सगळ्यात जास्त पटतं, आणि घात करतं तेही हेच. उपासमार आणि लठ्ठपणा ही दोन वेगळी दुखणी आहेत, आधी एक संपवू मग दुसऱ्याकडे बघू, असं यात गृहीत धरलेलं आहे. महाराष्ट्राचे २०१९-२१ चे आकडे घ्या. २०.८ टक्के स्त्रिया गरजेपेक्षा कमी वजनाच्या, २३.४ टक्के जास्त वजनाच्या. निम्म्याहून जास्त स्त्रियांना रक्तक्षय. पाच वर्षांखालच्या दर तीन मुलांमागे एकाहून जास्त मूल वयाच्या मानानं खुजं. हे सगळं एकाच राज्यात, अनेकदा एकाच घरात, आणि पुष्कळदा एकाच बाईच्या अंगात: कंबर सुटलेली आणि हिमोग्लोबिन नऊ.

याचं मूळ कुठे आहे ते पुण्यातच शोधलं गेलं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा पाठपुरावा केला. या बाया शेतात राबणाऱ्या, अंगानं बारीक. त्यांच्या बाळांचं जन्माचं वजन सरासरी २.७ किलो भरलं. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो होतं. आपल्या बाळांची उंची, स्नायू, पोटातले अवयव सगळं कमी, पण त्वचेखालची चरबी मात्र जवळपास टिकून होती. आईच्या पोटात खायला कमी पडलं की शरीर स्नायूंवर काटकसर करतं आणि चरबी राखून ठेवतं. म्हणजे हाडकुळं दिसणारं ते बाळ आतून चरबीचंच असतं. पुढे याच मुलाला स्वस्त गोड-तेलकट खाणं मुबलक मिळू लागलं की मधुमेह लवकर गाठतो.

याज्ञिकांनी स्वतःवरच दाखवलेला दाखलाही प्रसिद्ध आहे. ते आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन, दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. म्हणूनच आपल्या लोकांसाठी धोक्याची रेषा अलीकडे ओढलेली आहे: बीएमआय २३ पासून जास्त वजन, २५ पासून लठ्ठपणा, कंबर पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटिमीटर. वरचे सर्वेक्षणाचे आकडे २५ ची रेषा धरून काढलेले आहेत. आपल्या रेषेनं मोजलं तर ते आणखी चढतील.

थोडक्यात, आईची उपासमार हीच पुढच्या पिढीच्या मधुमेहाची पेरणी आहे.

आता भाजी-भाकरी. घरगुती खर्चाच्या २०२२-२३ च्या सरकारी पाहणीत ग्रामीण भारतातल्या कुटुंबाच्या एकूण खर्चात धान्याचा वाटा सुमारे ५ टक्के निघाला, आणि पेयं, बाहेरचं तयार खाणं, पाकीटबंद पदार्थ यांचा ९.६ टक्के. रेशनवर धान्य फुकट मिळतं हेही यामागचं एक कारण आहे, आणि या रकान्यात टपरीवरचा चहाही येतो. तरी जवळजवळ दुप्पट हा फरक डोळ्यांआड करण्यासारखा नाही.

कुठल्याही खेड्यातलं किराणा दुकान बघा. दारातच पाच रुपयांच्या पाकिटांच्या माळा लटकलेल्या असतात, चिप्स, फरसाण, रंगीत नळ्या, अशा बेतानं की मुलाचा हात पोचावा. पाच रुपयांचा ग्लुकोज बिस्किटांचा पुडा पन्नासेक ग्रॅमचा, त्यात दोनशेच्या वर कॅलरी. त्याच पाच रुपयांत केळं एक, तेही मिळालं तर, आणि त्यात शंभराच्या आतबाहेर. सकाळी सातला खुरपणीला निघणाऱ्या बाईनं कडेवरच्या पोराच्या हाती पुडा दिला की पोर गप्प बसतं, हात मोकळे राहतात आणि मजुरी बुडत नाही. भुकेच्या आणि पैशाच्या हिशेबानं ती बाई चुकलेली नाही. हिशेबच तसा मांडून ठेवलेला आहे.

आणि तेल. नीती आयोगाच्या अहवालानुसार देशात माणशी वर्षाला १९.७ किलो खाद्यतेल लागतं. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेची शिफारस १२ किलोची. यातलं निम्म्याहून जास्त तेल आयात होतं, त्यात सर्वांत मोठा वाटा पामतेलाचा. ते घरच्या फोडणीत कमी दिसतं. बिस्किटात, फरसाणात, तळणीच्या कढईत असतं.

‘घाम गाळा’ हे झटपट उरकतो. चालणं, राबणं हृदयाला, साखरेला, मनाला चांगलंच. पण वजन त्यानं फारसं उतरत नाही. टांझानियातले हाडझा लोक आजही शिकार करून आणि कंदमुळं खणून जगतात. २०१२ साली त्यांचा रोजचा ऊर्जाखर्च मोजला, तर शरीराच्या आकाराच्या मानानं तो बैठ्या पाश्चात्त्य लोकांइतकाच भरला. आणि दिवसभर ऊस तोडून आलेल्या बाईला व्यायाम करा म्हणणं हे निव्वळ निर्दयपणाचं आहे.

मग जिभेवर ताबा? २०१९ साली अमेरिकेत संशोधक केव्हिन हॉल यांनी वीस माणसांना संशोधन केंद्रात ठेवून घेतलं. दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं खाणं, दोन आठवडे साधं घरच्यासारखं. दोन्ही वेळा समोर मांडलेल्या ताटातली साखर, चरबी, मीठ, चोथा आणि कॅलरी सारख्या ठेवलेल्या, हवं तितकं खायची मुभा. कारखान्याच्या अन्नावर त्याच माणसांनी रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या आणि दोन आठवड्यांत जवळपास किलोभर वजन वाढवलं. जीभ तीच, माणूस तोच, बदललं फक्त समोरचं अन्न.

शेवटचं विधान, सरकारनं ताटात डोकावू नये. सरकार ताटात केव्हाचं बसलेलं आहे! अन्नसुरक्षा कायद्यात २०१३ पासून भरड धान्याची तरतूद असली तरी रेशनवर बहुतेक गहू-तांदूळच येतो. २०२२ च्या दिवाळीत महाराष्ट्र सरकारनं शंभर रुपयांत ‘आनंदाचा शिधा’ दिला, त्यात रवा, साखर, चणाडाळ आणि पामतेल होतं. सणाला गरिबाच्या घरी गोडधोड व्हावं हे योग्यच, पण ताट कोण भरतं हे त्यातून कळतं. मे २०२५ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं आयातशुल्क २० वरून १० टक्क्यांवर आलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटं आणि चॉकलेट यांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला, पाकीटबंद फरसाणावरचा १२ वरून ५. साखरेच्या फसफसत्या पेयांवर ४० टक्के राहिला, आणि ते बरोबर आहे. म्हणजे करानं खाणं बदलतं हे सरकारलाही मान्य आहे. मग पुडा स्वस्त का केला?

मेक्सिकोत प्रौढांपैकी एक तृतीयांशाहून जास्त लठ्ठ आहेत. तिथे जानेवारी २०१४ पासून गोड पेयांवर लिटरमागे एक पेसो कर बसला. पहिल्या वर्षी खरेदी सरासरी ६ टक्क्यांनी घटली, आणि सगळ्यात जास्त घटली ती गरीब घरांत. चिलीनं जून २०१६ पासून जास्त साखर, मीठ, चरबी असलेल्या पाकिटांवर काळ्या अष्टकोनी खुणा सक्तीच्या केल्या, शाळांत असे पदार्थ विकायला बंदी घातली. पुढच्या काळात गोड पेयांची खरेदी जवळपास चौथ्या हिश्श्यानं कमी झाली. आपल्याकडे २०२२ साली मसुदा निघाला तो पाकिटांवर तारे देण्याचा, ज्यात फरसाणालाही तारा मिळावा! इशाऱ्याची खूण आणि शाबासकीचा तारा यांतला फरक पाच वर्षांच्या पोरालाही कळतो.

आणि एक नियम तर आपल्याकडे आधीच आहे. एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त साखर, मीठ, चरबीचे पदार्थ विकायला मनाई आहे. आपल्या गावातल्या शाळेच्या फाटकापासून त्या पाकिटांच्या माळांपर्यंतचं अंतर कुणालाही पावलं टाकून मोजता येईल, आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत तो आकडा लेखी देता येईल.