कोंबड्याचा केसपेपर

आज जनावरांच्या दवाखान्यात रांगेत बसले होते. मांडीवर भाजीची बास्केट, बास्केटीत जुना टॉवेल, टॉवेलात गुलाब्या. शेजारी एक गृहस्थ लॅब्रेडॉर घेऊन बसलेले. बास्केटीत डोकावले आणि म्हणाले, "मॅडम, याचं औषध इथं नाही मिळायचं. काळा मसाला आणि सुकं खोबरं घ्या." केसपेपर लिहिणाऱ्यालाही मग चेव आला. "पेशंटचं नाव काय लिहू? रस्सा की सुक्कं?"

तिथं तोंडातून शब्द फुटला नाही. घरी येऊन भांडी आपटली, आता इथं आपटतेय. ज्यांना 'एका कोंबड्यासाठी एवढं?' असं वाटतंय त्यांनी इथूनच मागे फिरा.

२०१९ च्या हिवाळ्यात आबा, म्हणजे माझे सासरे, नातीला घेऊन गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात गेले होते. मेथी आणायला. आणली दोन गुलाबी रंगवलेली पिल्लं. ही रंगीत पिल्लं कुठून येतात माहितीये? अंड्यांच्या कोंबड्यांची जी हॅचरी असते, तिथले नर असतात ते. नर अंडी देत नाही, त्या जातीच्या अंगावर मांसही धरत नाही, म्हणून जन्मल्या दिवशीच त्यांना मोडीत काढतात. त्यातली काही रंगात बुडवून पोरांना विकतात. एक पिल्लू तिसऱ्या दिवशी गेलं. दुसरं आबांनी बुटाच्या खोक्यात, पिवळ्या बल्बखाली जगवलं. पिसं बदलली, पांढराशुभ्र कोंबडा झाला. नाव गुलाब्याच राहिलं.

आबा प्रेसमधून रिटायर झालेले, फर्स्ट शिफ्टची सवय हाडात मुरलेली. पहाटे चारला आधी आबा उठतात की गुलाब्या, यावर आमच्याकडे वाद व्हायचे. गल्लीत तक्रारी सुरू झाल्या तेव्हा आबा रात्री त्याच्यावर डालगं झाकायला लागले. म्हणायचे, "तांबडं फुटायचं ते फुटेल, निदान शेजारी झोपतील."

आबा गेले २०२२ मध्ये. नळ्या घालू नका म्हणाले होते. अकरा दिवस नळ्या होत्या. डॉक्टर बाहेर येऊन विचारायचे, पुढं काय करायचं ते सांगा, आणि दोघं भाऊ एकमेकांकडं बघायचे. मी सून. मी भिंतीकडं बघायचे.

दहाव्याला रामकुंडावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. इतके कावळे तिथं, पण एकही पुढं येईना. नवरा म्हणाला, आईला सांभाळू. नाही. दीर म्हणाले, वाटणीवरून भांडणार नाही. नाही (पुढं भांडले, तो विषय वेगळा). अर्धा तास झाला. मग मी मागून म्हणाले, "आबा, गुलाब्याला मी सांभाळीन." कावळा आला.

मी हे असलं मानत नाही. माझ्या लिस्टमधलं कुणीच मानत नसेल. पण कावळा आला.

तर आता गुलाब्या सहा वर्षांचा होत आलाय आणि त्याला गाऊट आहे. तेच, युरिक अ‍ॅसिड, आबांनाही होतं. पायाच्या सांध्यांवर बोराएवढ्या गाठी आल्यात, कातडीखाली खडूसारखं पांढरं दिसतं. आबांना जी गोळी होती तीच याला, फक्त चिमूटभर. आबांची डाळ बंद झाली होती, याचे शेंगदाणे बंद झाले. आणि हे कशामुळं झालं असेल तर, डॉक्टर बाई म्हणाल्या, एक कारण खाद्यही असू शकतं. दुकानात सरसकट मिळतं ते अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य, लेअरचं. कवच घट्ट व्हावं म्हणून त्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं. कोंबड्याला एक टक्काही पुष्कळ. उरलेलं सगळं मूत्रपिंडांवर. इतकी वर्षं ते मीच घालत होते, वाटीवर वाटी, प्रेमानं. सांभाळीन म्हणाले होते ना.

आता तो उभा राहत नाही. बसून बसून छातीला जखम झालीये. तुरा जांभळट पडलाय. पहाटे बसल्या बसल्या मान ताणतो आणि गंजलेल्या बिजागरीसारखा आवाज येतो, अर्धाच. डालग्याची गरज उरली नाही. ज्या काकूंनी तक्रार केली होती त्याच परवा विचारत होत्या, "हल्ली आवाज येत नाही गं?" मला तिथंच रडू आलं.

डॉक्टर बाई चांगल्या आहेत. हसणारे बाहेर होते, त्या आत होत्या. त्यांनी महिन्यापूर्वी सांगितलं होतं, कॅलेंडरवर खूण करा. स्वतः उठून पाण्यापर्यंत गेला तर टिक, नाही गेला तर फुली. खातोय म्हणून बरा आहे असं धरू नका म्हणाल्या, कोंबड्या दुखणं लपवतात, कारण दुबळ्याला बाकीचे टोचून काढतात. आमच्या कालनिर्णयवर दुधाच्या खाड्याशेजारी आता फुल्याच फुल्या आहेत. आणि एक गोष्ट कबूल करते. दोन टिका खोट्या आहेत. त्या दिवशी मी पाण्याचं भांडंच त्याच्यापुढं सरकवलं होतं.

हे सगळं फॅमिली ग्रुपवर टाकायची दुर्बुद्धी मला झाली. दिरांचा मेसेज, "वहिनी, गटारी तोंडावर आलीये, आम्ही येतोच." वर हसण्याच्या बाहुल्या. त्याखाली आत्याबाई, "मुक्या जिवाला सुई देऊन मारणं महापाप. त्याचं त्याला जाऊ दे." याच आत्याबाई पोरांना फोन करून सांगतात, आखाड आहे, दोन किलो जास्त आणा. म्हणजे कापला तर जेवण, सुई दिली तर पाप. हे गणित मला कुणीतरी फळ्यावर सोडवून दाखवा!

हो, मी चिकन खाते. माहितीये, कमेंटमध्ये तेच येणार. खाते. त्यावर माझ्याकडं उत्तर नाही, पुढं चला.

पापाचं म्हणाल तर १९२८ साली साबरमती आश्रमात एक वासरू तडफडत होतं, उपाय उरला नव्हता. गांधींनी डॉक्टर बोलावून त्याला सुई द्यायला लावली. अहिंसावाल्यांनी पत्रांतून वाट्टेल ते सुनावलं त्यांना. त्यांनी उलट जाहीर लेख लिहिला, केलं ते बरोबर केलं म्हणून. आत्याबाईंना हे पाठवलं. त्यांनी गुड नाईटचं गुलाबाचं फूल पाठवलं.

'त्याचं त्याला जाऊ दे' हे ऐकायला किती मऊ वाटतं. अकरा दिवस आम्ही हेच केलं होतं की. कुणी काही ठरवलं नाही म्हणून कुणाच्या डोक्यावर काही आलं नाही, आणि सगळं त्या माणसानं अंगावर काढलं.

इतकी चिडून लिहितेय, पण आज डॉक्टर बाई "तुम्ही सांगाल तसं" म्हणाल्या, तेव्हा मीही परत भिंतीकडंच बघितलं. त्यांनी नीट समजावलं. आधी भूल, तो झोपला की दुसरं इंजेक्शन, त्याला कळणार नाही. नंतर खोल पुरायचं, कारण कुत्र्या-मांजरांनी उकरून खाल्लं तर औषध त्यांनाही बाधतं. मी विचारलं, पाऊस थांबेपर्यंत थांबलं तर? ओलाव्यानं दुखत असेल, ऊन पडलं की बरं वाटेल. त्या काही बोलल्या नाहीत. केसपेपरवर तारखेची जागा मोकळी सोडून तो माझ्या हातात दिला.

संध्याकाळी नवऱ्याला विचारलं, रामकुंडावर मी नक्की काय म्हणाले होते? तो म्हणतो, तू 'शेवटपर्यंत सांभाळीन' म्हणालीस. मला नुसतं 'सांभाळीन' आठवतं. त्यावरून आमचं थोडं वाजलंसुद्धा. मग तो उठून मागं गेला, शेवग्याखाली. बराच वेळ टिकावाचा आवाज येत होता. चिखलानं भरलेला आत आला, म्हणाला कमरेएवढा झालाय, पण पाणी साचतंय, वर पत्रा टाकलाय.

उद्या बुधवार. सकाळी अकराला बाई घरी येणार आहेत, मी मघाशी फोन केला.

दीर, हे वाचत असाल तर गटारीला येऊ नका.

मुलगी शेंगदाणे सोलत बसलीये. तिला नको म्हणाले नाही. तिच्या हातून चार खाल्ले त्यानं, पाचवा तोंडात धरून बसलाय.