शिबिरं पुरे, गिऱ्हाईक द्या

गोव्याच्या बातम्या मी इंग्लंडात रोज सकाळी बसमध्ये फोनवर वाचते. निवडणूक जवळ आली की खासगी नोकऱ्यांत ८० टक्के गोंयकारच हवेत, ही मागणी ठरलेली. एरवी सरकारी नोकरीचं आमिष दाखवून लाखो रुपये उकळल्याच्या बातम्या. २०२४ च्या अखेरीस तर अटकांची रांगच लागली होती. आणि अधूनमधून कुठल्या तरी कौशल्य शिबिराचं उद्घाटन: समई, पाहुणे, प्रमाणपत्रं. एवढं होऊनही डिचोली-सत्तरी या आमच्या खाणपट्ट्यातली बारावी नापास मुलं घरीच.

आमच्या भागात २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, २०१८ मध्ये पुन्हा. कर्ज काढून घेतलेले ट्रक दारात गंजले. अशा घरांतल्या मुलांना पूर्वी एक वाट होती: जुन्या पोर्तुगीज राजवटीच्या नात्याने लिस्बनला जन्मनोंद, पोर्तुगीज पासपोर्ट, मग इंग्लंडातल्या स्विंडनची गोदामं. २०२० संपताना ब्रेक्झिटने तीही बुजवली. त्यामुळे प्रश्न आता गोव्यातच सोडवायला हवा.

इथे इंग्लंडात मला पटलेली एक गोष्ट म्हणजे सामाजिक उद्योग. धंदा खराखुरा, पण तो चालवायचा अडलेल्या मुलांना काम देण्यासाठी. इथल्या आमच्या गावात असा एक कॅफे आहे. गल्ल्यावरचा मुलगा सुटे पैसे दोनदा मोजतो, तिसऱ्यांदा चुकतो. मागे उभी असलेली बाई गल्ला आपल्याकडे ओढत नाही. गिऱ्हाइकांची रांग खोळंबते, एखादा घड्याळ बघतो, तरी ती नुसती उभी. आणि मुलाला त्या दिवसाचा पगार मिळतो. आपल्या शिबिरांत नेमकं हेच नसतं. तिथे सगळं शिकवतात, पण पगार देऊन चुकायची मुभा कोण देतो?

मात्र इथलं सगळं सोन्याचं नाही. जेमी ऑलिव्हर या गाजलेल्या शेफने २००२ मध्ये लंडनला ‘फिफ्टीन’ हे हॉटेल काढलं. बेकार तरुणांना स्वयंपाकघरात घेऊन आचारी करायचं. पहिली तुकडी पंधरा जणांची, म्हणून हे नाव. नाव झालं, मुलं शिकली. पण २०१९ मध्ये त्याचा हॉटेलांचा डोलारा कोसळला आणि हेही बंद झालं. हेतू कितीही चांगला असला तरी त्यावर जागेचं भाडं भागत नाही.

कायद्याचाही फरक आहे. ब्रिटनमध्ये २००५ पासून अशा उद्योगांसाठी वेगळ्या प्रकारची कंपनी काढता येते. तिची मालमत्ता समाजाच्या कामातच राहते, पण शेअर्सची असेल तर वाटण्याजोग्या नफ्याच्या ३५ टक्क्यांपर्यंत लाभांश देता येतो. आपल्याकडे कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची ना-नफा कंपनी काढली तर लाभांश शून्य. मग पैसा गुंतवायला येणार कोण? उरतो तो मोठ्या कंपन्यांनी नफ्यातून समाजकार्यासाठी काढायचा २ टक्के सीएसआर निधी, आणि त्याला अहवालात दाखवायला ‘इतके प्रशिक्षित’ असा आकडा पुरतो. ती मुलं पुढे टिकली का, हे विचारायला कोणी परत येत नाही.

गोव्यात याची सुरुवात शून्यातून करायची गरज नाही. शाळांतली माध्यान्ह आहाराची पावभाजी कितीतरी वर्षं बायकांचे स्वयंसहाय्य गटच पुरवत आले आहेत. सरकार हे त्यांचं हमखास गिऱ्हाईक, म्हणून गट उभे राहिले. रडगाणं एकच, बिलं महिनोन्‌महिने थकतात. तेवढं सुधारून हाच मार्ग मुलांसाठी का वापरू नये? गोमेकॉ या सरकारी इस्पितळातल्या चादरींची धुलाई, सरकारी कचेऱ्यांची कँटीन, पंचायतींचा सुका कचरा वेगळा करणं, ही कामं कुणाला तरी द्यावीच लागतात. निविदेत सर्वांत कमी दराबरोबर ‘शिकाऊ मुलं किती, वर्षाने त्यांतली कामावर किती’ याचेही गुण धरा. ब्रिटनने २०१२ च्या कायद्याने सरकारी सेवा विकत घेताना सामाजिक फायद्याचा विचार बंधनकारक केला. आपल्याकडे असा नियम झाला, तर त्यात आणखी एक ओळ हवी: बिल तीस दिवसांत चुकतं करायचं.